एनएफएस डेटास्टोअर माउंट होतं, पिंग जातो, पण व्हीएम सुरू होत नाही (एकाच होस्टवर)

तारजोड

लक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून धागा काढतोय. आधी मांडणी सांगतो.

ईएसएक्सआय ७ (व्हीएमवेअरची, आभासी मशीन म्हणजे व्हीएम चालवणारी प्रणाली) चे तीन होस्ट. साठवणीला एक लिनक्स सर्व्हर, त्यावरचं एकच फोल्डर एनएफएस ३ (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) ने तिघांनाही डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवायची जागा) म्हणून दिलेलं. सगळं १० गिगाबिटवर. साठवणीचं नेटवर्क वेगळं, व्हीलॅन (आभासी वेगळं नेटवर्क) २०. सर्व्हरचा पत्ता १०.१०.२०.५, होस्टचे व्हीएमके१ (होस्टचं स्वतःचं नेटवर्क-टोक) अनुक्रमे .११, .१२ आणि .१३. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) होस्टवर आणि सर्व्हरवर ९०००.

शनिवारी तिसरा होस्ट नव्या स्विचवर हलवला. नवा स्विच जुन्याला दोन तारांच्या ट्रंकने (दोन्ही मिळून एक जोडणी) जोडलाय. सर्व्हर जुन्यावरच आहे. तेव्हापासून तिसऱ्या होस्टवर:

– साधा पिंग व्यवस्थित, एकही पॅकेट गळत नाही.
– डेटास्टोअर माउंट होतं, फोल्डर उघडतात, लहान फाइल वाचता येतात.
– व्हीएम सुरू केली की सगळं अडतं. दोनेक मिनिटांत डेटास्टोअर करडं पडतं, मग आपोआप परत येतं, मग पुन्हा जातं.
– व्हीएमकर्नलच्या लॉगमध्ये आळीपाळीने 'लॉस्ट कनेक्शन' आणि 'रिस्टोर्ड कनेक्शन'.
– तिथल्या दोन लिनक्स व्हीएमची फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली.

पहिले दोन होस्ट ठणठणीत. तिसरा दोनदा रीबूट करून झाला. एक्सपोर्टची (सर्व्हरने वाटलेल्या फोल्डरची) परवानगी कुणी बदललेली नाही.

रात्रपाळी

आधी रीबूट थांबवा. त्या होस्टचे लॉग रॅमडिस्कवर जात असतील तर प्रत्येक रीबूटसरशी पुरावा पुसला जातो.

परवानगीचा घोळ असता तर 'परमिशन डिनाइड' असं तोंडावर उत्तर आलं असतं. इथे उत्तरच येत नाही, म्हणजे पॅकेट वाटेत कुठेतरी गडप होतंय. लहान जातं आणि मोठं जात नाही, तर पहिला संशय एमटीयूवर.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमनमध्येच टाका. तिसऱ्या होस्टवर एसएसएच करून:

व्हीएमकेपिंग -आय व्हीएमके१ -डी -एस १४७२ १०.१०.२०.५
व्हीएमकेपिंग -आय व्हीएमके१ -डी -एस ८९७२ १०.१०.२०.५

इथला 'आय' मोठ्या लिपीतला, बाकी अक्षरं लहान. -डी म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका. ते विसरलात तर ९००० चं पॅकेट १५०० च्या तुकड्यांत सुखरूप पोचतं आणि चाचणी खोटं बोलते. ८९७२ हा आकडा ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंगच्या प्रोटोकॉलचे) ८ बाइट वजा करून येतो. १४७२ तसाच १५०० मधून.

-आय सुद्धा गाळू नका. नाहीतर होस्ट स्वतःच्या राउटिंग टेबलप्रमाणे कुठल्याही व्हीएमकेमधून पाठवेल आणि तुम्ही मॅनेजमेंटची तार तपासत बसाल.

निकाल असा वाचा:
दोन्ही गेले, तर एमटीयू निर्दोष, पुढे बघू.
'मेसेज टू लाँग' आलं, तर पॅकेट होस्टच्या बाहेरच पडलं नाही. व्हीएमके१ किंवा त्याचा व्हीस्विच (होस्टमधला आभासी स्विच) १५०० वर आहे.
१४७२ गेलं आणि ८९७२ ला नुसती शांतता, तर होस्टचं टोक बरोबर, पुढे कुणीतरी गिळतोय.

तारजोड

१४७२ जातं. ८९७२ ला शांतता. पहिल्या होस्टवरून ८९७२ ही जातं.

पण मग माउंट कसं काय होतं?

रात्रपाळी

माउंटच्या देवाणघेवाणीतलं एकही पॅकेट मोठं नसतं. पत्ता विचारणं, फाइल हँडल मिळवणं, गुणधर्म वाचणं, सगळं काही शे बाइटांत उरकतं. डिस्क वाचायला-लिहायला घेतली की खरा माल येतो. जोडणी होताना दोन्ही टोकांनी एकमेकांना सांगितलेलं असतं की मी ८९६० बाइटचा सेगमेंट (टीसीपीचा तुकडा) घेईन. दोघंही खरंच घेऊ शकतात. मधल्या स्विचला त्या बोलणीत जागाच नाही. तो लेयर २ वर (आयपी न बघता फ्रेम पुढे ढकलायच्या स्तरावर) काम करतो, त्यामुळे 'पॅकेट मोठं आहे, लहान पाठवा' असा आयसीएमपी निरोपही धाडत नाही. टाकून देतो आणि गप्प बसतो. राउटर असता तर निदान बोंब मारली असती.

आता ये-जा का चालते ते. ईएसएक्सआय दर १२ सेकंदांनी एनएफएस सर्व्हरची नाडी बघतो. हे पॅकेट चिमुकलं असतं, पण टीसीपीत क्रम मोडत नाही. पुढे मोठा सेगमेंट अडकलेला असेल तर मागचं चिमुकलंही रांगेत खोळंबतं. सलग १० वेळा नाडी लागली नाही की होस्ट संपर्क तुटला असं धरतो. १० गुणिले १२, अधिक शेवटची ५ सेकंदांची वाट, म्हणजे १२५ सेकंद. तुमची 'दोनेक मिनिटं' हीच. नवी जोडणी झाली की रांग मोकळी, नाडी लागते, 'रिस्टोर्ड' येतं. मग व्हीएमने पुन्हा मोठं काही लिहायला घेतलं की पुन्हा तेच.

सहावा_पोर्ट

स्विचवर काय बघायचं ते मी लिहितो.

१. स्विचवर ९००० टाकून भागेलच असं नाही. काही कंपन्यांच्या आकड्यात इथरनेटचा मथळा धरलेला असतो, काहींच्या नसतो. मथळा १४, व्हीलॅनचा टॅग ४, शेवटची तपासणी ४, असे २२ बाइट वरचे. म्हणून स्विचवर सरळ ९२१६ ठेवायची पद्धत आहे. टोकांना ९०००, मध्ये ९२१६. मध्ये जास्त असल्याने काही बिघडत नाही.

२. काही स्विचवर एमटीयू प्रत्येक पोर्टला वेगळा असतो, काहींवर अख्ख्या स्विचला एकच. दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा बदल केल्यावर स्विच रीलोड करावा लागतो. कॉन्फिगमध्ये ९२१६ दिसतं आणि प्रत्यक्षात १५०० चालू असतं, ते त्यामुळे.

३. होस्टचा पोर्ट दुरुस्त करून लोक थांबतात. ट्रंकचे पोर्ट दोन्ही बाजूंनी बघा.

४. पोर्टच्या काउंटरमध्ये 'जायंट्स' किंवा 'ओव्हरसाइज' शोधा. ८९७२ चा पिंग चालू ठेवून ज्या पोर्टवर तो आकडा वाढतोय तोच गुन्हेगार. मात्र काही स्विच हा आकडा मोजतच नाहीत, म्हणून शून्य दिसलं तरी पोर्ट निर्दोष धरू नका.

अर्धा_चहा

जम्बो फ्रेम (१५०० पेक्षा मोठ्या) मुळात हवेत कशाला? हिशेब करा. १५०० च्या फ्रेममागे तारेवर १५३८ बाइट जागा जाते, त्यात खरा माल १४६०. म्हणजे ९४.९ टक्के. ९००० ला ९०३८ मध्ये ८९६०, म्हणजे ९९.१ टक्के. सव्वाचार टक्क्यांसाठी ही सगळी यातायात. सीपीयूवरचा भार म्हणाल तर आजची नेटवर्क कार्डं मोठे सेगमेंट स्वतःच तोडतात आणि जोडतात. संपूर्ण मार्ग आपल्या हातात नसेल तर १५०० ठेवा आणि शांत झोपा.

सहावा_पोर्ट

अर्ध्या चहाशी अर्धा सहमत. नवी मांडणी असेल तर मीही १५०० नेच सुरुवात करेन. पण चालू मांडणीत दोन होस्ट आणि सर्व्हर ९००० वर असताना घाईत तिसऱ्याला १५०० करणं म्हणजे ठिगळ. चालेल, कारण जोडणी होताना लहान आकडा ठरतो आणि टीसीपी त्यापुढे जात नाही. तातडीचा उपाय म्हणून आज रात्री तेच करा. पण वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी याच होस्टवर दुसरा कुणी डोकं आपटेल.

घाटमाथा_२०

रीड-ओन्ली झालेल्या व्हीएमबद्दल कुणी बोललं नाही. त्या व्हीएम चालू असतील तर 'रिमाउंट' करून रीड-राइट करू नका. जर्नलमध्ये (फाइलसिस्टिमच्या नोंदवहीत) काय अर्धवट राहिलंय ते माहीत नसतं. रीबूट करून एफएसचेक (फाइलसिस्टिमची तपासणी) होऊ द्या. मुख्य डिस्क असेल तर बचाव माध्यमावरून चालवा. आणि त्याआधी होस्टचा एमटीयू सुधारलेला असू द्या, नाहीतर एफएसचेकच अर्ध्यात लटकेल.

असं का झालं? लिनक्स स्कझी डिस्कच्या उत्तराची वाट मुळात ३० सेकंद बघतो. आतून बघायचं तर:

कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट

ओपन-व्हीएम-टूल्स (व्हीएमच्या आत टाकायचं साहाय्यक सॉफ्टवेअर) टाकलं की त्याचा युडेव्ह नियम (लिनक्सचा उपकरणांसाठीचा नियम) हे १८० करतो. तुमच्या त्या दोन व्हीएममध्ये बहुधा टूल्स नाहीत किंवा नियम लागू झालेला नाही. विंडोजमध्ये हाच आकडा रजिस्ट्रीत डिस्क सर्व्हिसखाली 'टाइमआउट व्हॅल्यू' नावाने असतो, टूल्स तो ६० करतात.

होस्टचं घड्याळ वेगळं. सगळे मार्ग बंद पडल्यावर, ज्याला एपीडी म्हणतात, होस्ट १४० सेकंद थांबतो. त्यानंतर तो स्वतःची कामं झटपट नापास करतो, पण व्हीएमचं वाचन-लेखन पुन्हापुन्हा पाठवतच राहतो. म्हणजे व्हीएम किती तग धरणार हे आतल्या टाइमआउटवर ठरतं. ३० वाली आधी पडते, १८० वालीला कळतही नाही.

तारजोड

दोन्ही व्हीएमवर ३० च निघालं. टूल्स नव्हते.

नव्या स्विचवर एमटीयू अख्ख्या स्विचला एकच आहे. कॉन्फिगमध्ये ९२१६, चालू १५००. रीलोड राहिला होता. आता केला. ८९७२ जातं.

पण आता वेगळंच. मधल्या काळात तिसऱ्या होस्टवरचं डेटास्टोअर काढून पुन्हा जोडलं होतं. व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ते 'सामायिक' ऐवजी 'सामायिक (१)' दिसतंय. तिसऱ्यावरून पहिल्यावर व्हीएम नुसती हलवायला गेलो तर साठवणही हलवा म्हणतं. फाइल तर त्याच आहेत!

रात्रपाळी

फाइल त्याच, पण व्हीसेंटरच्या लेखी डेटास्टोअर दोन. एनएफएस डेटास्टोअरची ओळख सर्व्हरचं नाव आणि फोल्डरचा मार्ग या दोन अक्षरमाळांवरून बनते. पहिल्या दोघांवर पत्ता आकड्यात दिलेला आणि तिसऱ्यावर नाव दिलं असेल, तर ओळख वेगळी. मार्गाच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी वेगळी.

तिन्ही होस्टवर चालवा:

ईएसएक्ससीएलआय स्टोरेज एनएफएस लिस्ट

'होस्ट' आणि 'शेअर' हे दोन रकाने अक्षर-अक्षर ताडून बघा. डोळ्यांवर भरवसा नको, कॉपी करून एकाखाली एक ठेवा.

तारजोड

सापडलं. पहिल्या दोघांवर '१०.१०.२०.५', तिसऱ्यावर 'साठा०१'.

रात्रपाळी

मग क्रमाने: तिसऱ्या होस्टवरच्या त्या डेटास्टोअरवरच्या सगळ्या व्हीएम बंद करा. त्यांची नोंद काढा, 'रिमूव्ह फ्रॉम इन्व्हेंटरी' म्हणजे. 'डिलीट फ्रॉम डिस्क' त्याच्या शेजारीच असतं, हात सांभाळा. मग:

ईएसएक्ससीएलआय स्टोरेज एनएफएस रिमूव्ह -व्ही 'सामायिक (१)'
ईएसएक्ससीएलआय स्टोरेज एनएफएस ॲड -एच १०.१०.२०.५ -एस /एसआरव्ही/व्हीएमस्टोअर -व्ही सामायिक

इथे 'एच' मोठा, 'एस' आणि 'व्ही' लहान. नावात कंस आणि रिकामी जागा आहे म्हणून अवतरणचिन्हं हवीतच. होस्टवर नाव 'सामायिक' असंच असेल आणि (१) फक्त व्हीसेंटरने लावलेलं असेल तर लिस्टमध्ये दिसेल तेच नाव द्या. डेटास्टोअर एकरूप झालं की .व्हीएमएक्स (व्हीएमच्या मांडणीची फाइल) वरून व्हीएमची पुन्हा नोंद करा.

जोडताना आवृत्ती ३ च ठेवा. एकाच फोल्डरला एक होस्ट ३ ने आणि दुसरा ४.१ ने जोडू नका. ३ मध्ये ईएसएक्सआय स्वतःच्या कुलूप-फाइल ठेवतो, ४.१ मध्ये कुलूप सर्व्हर सांभाळतो. एकाचं कुलूप दुसऱ्याला दिसत नाही. एकच डिस्क दोन होस्टनी उघडली की डेटाची राख.

गिरमिट

वरच्यात पुरवणी. नोंद करून सुरू करताना 'फाइल लॉक्ड' आलं तर लगेच .एलसीके (कुलूप) फाइल उडवू नका. व्हीएमच्या फोल्डरमध्ये 'एलएस -एलए' केलं की टिंबाने सुरू होणाऱ्या त्या फाइल दिसतात. तिचा हेक्सडंप (आतल्या बाइटांची यादी) घेतला तर कुलूप कुठल्या होस्टचं ते नाव वाचता येतं. त्या होस्टवर ती व्हीएम खरंच चालू नाही ना, प्रक्रियाही उरलेली नाही ना, हे 'ईएसएक्ससीएलआय व्हीएम प्रोसेस लिस्ट' ने बघा. उरली असेल तर ती तिथेच बंद करा, कुलूप आपोआप जातं.

अवांतर: आमच्याकडे एनएफएस नाही, आयस्कझी (नेटवर्कवरून फोल्डरऐवजी अख्खी डिस्क देणारी पद्धत) आहे. तिथे लक्षणं अशीच असतात का?

सहावा_पोर्ट

एमटीयूचं लक्षण जवळपास तेच. लॉगिन होतं, टार्गेट (साठवणीचं टोक) दिसतं, पण रीस्कॅन (डिस्कांचा नव्याने शोध) संपता संपत नाही. बाकी आयस्कझीचे आजार निराळे. वारंवार आढळणारे सांगतो.

पोर्ट बाइंडिंग, म्हणजे आयस्कझीला ठरावीक व्हीएमके बांधून देणं. दोन व्हीएमके एकाच सबनेटमध्ये असतील तरच बांधा, आणि प्रत्येकाला एकच सक्रिय अपलिंक (स्विचकडे जाणारं नेटवर्क कार्ड), दुसरी 'अनयूज्ड' मध्ये. 'स्टँडबाय' चालत नाही. टार्गेटचे दोन पोर्ट दोन वेगळ्या सबनेटमध्ये असतील तर बांधूच नका. बांधलंत तर प्रत्येक व्हीएमके प्रत्येक टार्गेटकडे जायचा प्रयत्न करतो, अर्धे प्रयत्न कधीच पोचत नाहीत, आणि रीस्कॅनला युग लोटतं.

आयक्यूएन, म्हणजे आयस्कझीतलं होस्टचं ओळखनाव. होस्ट नव्याने इन्स्टॉल केला की आयक्यूएन बदलतो आणि साठवणीवरच्या परवानगी-यादीत जुनाच राहतो. लॉगिन नाकारलं जातं किंवा लॉगिन होऊन एकही लन (साठवणीने दिलेली डिस्क) दिसत नाही. उलट, बूट डिस्क क्लोन करून दुसरा होस्ट बनवला असेल तर दोघांचा आयक्यूएन एकच, आणि एकाने लॉगिन केलं की दुसऱ्याचं सेशन तुटतं. दोघं आलटून पालटून पडताना दिसले की आधी हेच बघा.

पोर्ट ३२६० उघडा आहे का ते होस्टवरूनच 'एनसी -झेड' ने कळतं. एनएफएसला २०४९ आणि आवृत्ती ३ असेल तर १११ सुद्धा.

आणि सर्वांत धोक्याचं: लन दिसतो पण डेटास्टोअर दिसत नाही. साठवण प्रतिकृतीवरून परत आणली असेल किंवा लनची ओळख बदलली असेल तर व्हीएमएफएस (ईएसएक्सआयची फाइलसिस्टिम) त्याला स्नॅपशॉट, म्हणजे प्रत, समजून बाजूला ठेवतो. 'ईएसएक्ससीएलआय स्टोरेज व्हीएमएफएस स्नॅपशॉट लिस्ट' मध्ये तो सापडतो. 'न्यू डेटास्टोअर' मध्ये गेलात तर तीन पर्याय येतात: सही (डेटास्टोअरची ओळखखूण) तीच ठेवा, नवी सही द्या, फॉरमॅट करा. तिसऱ्यावर टिचकी मारून लोकांनी सगळ्या व्हीएम घालवल्यात. मूळ लन कुठल्याच होस्टला दिसत नसेल तर पहिला, मूळ आणि प्रत दोन्ही हव्या असतील तर दुसरा.

घाटमाथा_२०

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी (ईएसएक्सआयसारखीच व्हीएम चालवणारी दुसरी प्रणाली) थोडं, कारण धागा शोधत ते इथे येणारच.

'स्टोरेज इज नॉट ऑनलाइन' येतं पण हाताने माउंट केलं तर होतं? आवृत्ती ३ ला प्रॉक्समॉक्स आधी 'शोमाउंट' ने सर्व्हर जिवंत आहे का विचारतो. त्याला १११ आणि माउंटडीचा (माउंटच्या विनंत्या हाताळणाऱ्या सेवेचा) पोर्ट लागतो. फायरवॉलमध्ये फक्त २०४९ उघडला असेल तर तो सर्व्हर मेला समजतो. सर्व्हरच्या एनएफएस.कॉन्फमध्ये माउंटडीला २००४८ हा पोर्ट कायमचा बांधून द्या आणि तोही उघडा.

एक्सपोर्टच्या ओळीत पत्ता आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. '१०.१०.२०.०/२४(आरडब्ल्यू,…)' बरोबर. मध्ये एक रिकामी जागा पडली की कंसातले हक्क साऱ्या जगाला मिळतात आणि तुमच्या नेटवर्कला मूळचे, म्हणजे फक्त वाचायचे. ईएसएक्सआय असो की प्रॉक्समॉक्स, 'नो_रूट_स्क्वॅश' (रूटचे हक्क कापू नका) हवंच, कारण दोघंही रूट म्हणून येतात. बदलल्यावर 'एक्सपोर्टएफएस -आरए', आणि प्रत्यक्षात काय लागू झालं ते 'एक्सपोर्टएफएस -व्ही' ने वाचा.

सर्व्हर पडल्यावर 'डीएफ' लटकतो म्हणून 'सॉफ्ट' माउंट करायचा मोह होतो. व्हीएमच्या डिस्कला तो नको. 'हार्ड' मध्ये लेखन थांबून राहतं आणि सर्व्हर आला की पुढे सरकतं. 'सॉफ्ट' मध्ये चूक थेट व्हीएमच्या पदरात पडते. 'टाइमिओ' (उत्तराची वाट किती बघायची) चा आकडा दशांश सेकंदात असतो, ६०० म्हणजे ६० सेकंद. हे न कळल्यामुळे ६० लिहून ६ सेकंदांवर बसलेले सर्व्हर पाहिलेत.

एफएसटॅबमधून माउंट करून वर 'डिरेक्टरी' प्रकारची साठवण दाखवली असेल तर स्टोरेज.सीएफजीत 'इज_माउंटपॉइंट १' लिहाच. नाहीतर माउंट सुटलेलं असताना रात्रीचा बॅकअप रिकाम्या फोल्डरात, म्हणजे होस्टच्याच रूट डिस्कवर जातो आणि सकाळी डिस्क शंभर टक्के.

अर्धा_चहा

जोडणी जमली पण संथ आहे, असं म्हणत कुणी आलं तर ईएसएक्सटॉपमध्ये (होस्टवरची कामगिरी दाखवणारी कमांड) 'यू' दाबा. आयस्कझीला डीएव्हीजी (साठवणीकडून लागणारा वेळ) सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर दोष होस्टबाहेर, केएव्हीजी (होस्टमध्ये लागणारा वेळ) २ च्या वर असेल तर होस्टमधल्या रांगेत. एनएफएसला फक्त एकूण, जीएव्हीजी, मिळतो. आणि झेडएफएसवर (सर्व्हरवरची एक फाइलसिस्टिम) एनएफएस असेल तर ईएसएक्सआय प्रत्येक लेखन पक्कं झाल्याची पावती मागतो हे लक्षात घ्या. वेग वाढवायला 'सिंक' बंद करू नका, वीज गेली तर पावती दिलेला माल हवेत. वीज जाताना डेटा राखणारी वेगळी लॉग एसएसडी लावा.

तारजोड

तिन्ही होस्टवर आता एकच 'सामायिक'. व्हीएम नुसत्या हलतात. दोन्ही लिनक्सवर एफएसचेक झाला, एकीत काही अनाथ आयनोड (कुठल्याच फोल्डरात नसलेल्या फाइलच्या नोंदी) निघाले. टूल्स टाकले, टाइमआउट १८० दिसतोय. लॉगमध्ये चार तास 'लॉस्ट' नाही.

धागा बंद समजू?

सहावा_पोर्ट

एक चाचणी राहिली. तुमच्या ट्रंकला दोन तारा आहेत. कुठल्या जोडीची वाहतूक कुठल्या तारेने जाणार हे पत्त्यांच्या हॅशवर (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) ठरतं. .१३ ते .५ कदाचित पहिल्याच तारेने जातंय आणि दुसरी कुणी तपासलेलीच नाही. शांत वेळी एक तार काढा, ८९७२ चा पिंग द्या. ती लावा, ट्रंकमध्ये परत आल्याची खात्री करा, मग दुसरी काढा आणि पुन्हा द्या. जुन्या स्विचच्या बाजूचे दोन्ही पोर्ट तुम्ही पाहिल्याचं वर कुठे लिहिलेलं नाही.

तारजोड

नाही पाहिले. रात्री ११ नंतर करतो आणि इथेच लिहितो.